मुंबईत ठेवलेली दोघं

नागभीडहून नागपूरला जाणाऱ्या छोट्या लाईनच्या गाडीवर खुशाल रामटेके गार्ड होता. ती गाडी वेळेवर सुटत नसे, याचं निम्मं कारण तो स्वतःच होता. डोक्यावर भाजीची पाटी घेतलेली एखादी बाई बांधावरून धावत येताना दिसली, की खुशालच्या काखेतली हिरवी झेंडी बाहेर यायचीच नाही. ड्रायव्हर शिटी द्यायचा, मान बाहेर काढून मागे बघायचा. खुशाल त्याला हाताने थांब म्हणायचा. बाई चढली, पाटी चढली, मागून तिचं पोरगं चढलं, की मग गाडी हलायची. स्टेशनमास्तर चिडायचे, पण फार वेळ चिडता यायचं नाही. खुशाल उलट बोलत नसे. मान खाली घालून सगळं ऐकून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करायचा.

एकदा मात्र त्याने गाडी अगदी वेळेवर सोडली होती. भिवापूरचा त्याचा मामा मुखरू घरी आला होता. खुशालच्या लग्नाला तेव्हा बारा-तेरा वर्षं झाली असतील. घरात मूल नव्हतं. मामाने चहाचा कप हातात घेतला आणि विषय काढला.

"पाह्य खुशाल, वच्छला चांगलीच हाये. तिले काई म्हनाचं नाई. पन वंश त चालाले पाह्यजे ना. उमरेडकडं एक पोरगी हाये. वच्छलाबी राहील घरात, तीबी राहील."

वच्छला पडद्यामागे स्वयंपाकघरात होती. भांड्यांचा आवाज एकदम थांबला, हे खुशालच्या कानांनी टिपलं. मामाच्या ते ध्यानात आलं नाही.  खुशाल मामाचा चहा संपेपर्यंत थांबला, मग उठला.

"चला मामा, गाडीची वेर झाली."

"एवढ्या लवकर? तुही गाडी कधी टायमावर गेली हाये का?"

खुशालने त्याला स्टेशनवर नेलं, डब्यात बसवलं, आणि काटा ठरल्या जागी येताच शिटी फुंकली. मामाची छत्री फलाटावरच्या बाकावर राहिली. परतीच्या गाडीवरून घरी आल्यावर वच्छलाने विचारलं, "मामा काऊन एवढ्या लवकर गेले?"

"गाडी वेळेवर सुटली," खुशाल म्हणाला आणि जेवायला बसला.

वच्छला चिमूरकडची. नागभीडजवळच्या खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत ती शिक्षिका होती. अंगाने लहानखुरी, पण वर्गात शिरली की पोरं आपोआप सरळ बसायची. घरात ठरवायचं काम तिचं आणि मान डोलवायचं काम खुशालचं, अशी दोघांची वाटणी पहिल्या वर्षातच होऊन गेली होती आणि खुशालला ती मनापासून आवडायची. सकाळची ड्यूटी नसली की तो भात लावायचा, तिच्या डब्यात लाखोळीची भाजी भरायचा आणि तिच्या सायकलच्या चाकात हवा आहे का बघायचा. खुशालची आई बायनाबाई हे सगळं ओसरीवरून बघायची. लोकांच्या आया असं बघून नाक मुरडतात. बायनाबाई म्हणायची, "माह्या पोराले संसार येते."

मूल का होत नाही, ते नागपूरच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढून सांगितलं होतं. वच्छलाच्या दोन्ही नळ्या बंद होत्या. लहानपणी तिचं पोट फार दुखलं होतं, गावात महिनाभर ती अंथरुणाला खिळली होती. तेव्हाच काहीतरी आत सुजून चिकटलं असावं. यावर औषध नाही म्हणाले. वच्छलाने ते ऐकून घेतलं, घरी आली, आणि नंतर ते बोलणं तिने काढलंच नाही. मग शहाऐंशी साली मुंबईत काचेच्या भांड्यात गर्भ वाढवून बाळ जन्माला आल्याची बातमी पेपरात आली. वच्छलाने शाळेतला पेपर घडी करून घरी आणला आणि खुशालच्या ताटाशेजारी ठेवला. खुशालने वाचला.

"जाऊन पाहू," तो म्हणाला. "पास त हायेच माह्याजवळ."

पुढच्या दिवाळीच्या सुटीत दोघं रेल्वेच्या पासवर मुंबईला गेले. नागपूरच्या डॉक्टरांनी एका डॉक्टरीणबाईंचं नाव दिलं होतं. त्या परदेशात शिकून आल्या होत्या आणि त्यांचा लहानसा दवाखाना होता. उतरायला नायगावात गुणवंतरावांची खोली होती. गुणवंतराव खुशालच्या गावचेच, गोदीत कामाला. त्यांनी आपली खाट वच्छलाला दिली आणि स्वतः गॅलरीत झोपले.

रोज सुई. रोज रक्त. वच्छलाच्या दंडाला जागा उरली नाही. शेवटी तिला भूल देऊन, पोटाला बारीक छेद घेऊन, दुर्बिणीतून बीजं काढली. खुशालला एक लहान बाटली देऊन एका बंद खोलीत पाठवलं, तेव्हा तो इतका लाजला की बाहेर आल्यावर नर्सच्या हातात बाटली देताना त्याने तिला चुकून "जय भीम" म्हटलं. दोन दिवसांनी डॉक्टरीणबाई म्हणाल्या की गर्भ तयार झालेत, त्यातले दोन चांगले आहेत, उद्या पोटात ठेवू.

दुसऱ्या दिवशी सकाळी वच्छलाला थंडी भरली. गुणवंतरावांच्या घरातली सगळी पांघरुणं अंगावर टाकली तरी दात वाजायचे थांबेनात. खुशालला लगेच कळलं. त्यांच्या झाडीपट्टीत असा ताप घरोघर ओळखीचा असतो. जंगलातल्या डासांचा हिवताप तिच्या रक्तातून मुंबईपर्यंत आला होता.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि खुर्ची ओढून वच्छलाच्या उशाशी बसल्या.

"या तापात मी गर्भ आत ठेवणार नाही," त्या म्हणाल्या. "टिकणार नाहीत, आणि तुमच्याही जिवाला बरं नाही. पण फेकूनही देणार नाही. आमच्याकडे आता गोठवून ठेवायची सोय सुरू झाली आहे. मोजक्याच जोडप्यांचे ठेवलेत. तुम्ही घरी जा, बऱ्या व्हा, अंगात रक्त भरू द्या. मग या. तेव्हा पुन्हा सुया नकोत, भूल नको. नुसते बाहेर काढायचे आणि ठेवायचे."

"जित्ते राह्यतील?" वच्छलाने विचारलं. तिचे ओठ अजून थरथरत होते.

"राहतीलच असं सांगणार नाही. काही गर्भ वितळताना टिकत नाहीत. ते आत्ताच सांगते." त्या खुशालकडे वळल्या. "आणि एक ठरवून या. दोन्ही एकदम ठेवायचे की एक आता आणि एक पुढे कधीतरी. दोन्ही ठेवले तर मूल राहण्याची आशा जास्त. पण जुळं होऊ शकतं, आणि या अंगाने लहान आहेत. मला दोघांचा मिळून एक निर्णय हवा. एकट्याचा चालणार नाही."

बायनाबाईला सगळं माहीत होतं. गावात पोटाच्या इलाजाला गेलेत असं सांगितलं होतं, पण तिच्यापासून काही लपवलेलं नव्हतं. दोघं रिकाम्या हाताने परतले तेव्हा तिने वच्छलाला आधी निजवलं, पेज पाजली आणि मग खुशालला अंगणात बोलावलं.

"काय झालं?"

खुशालने सांगितलं. दोघं आहेत, अजून बाळ म्हणता येत नाही, डोळ्याला दिसतही नाहीत इतके लहान. मुंबईत बर्फापेक्षाही गार जागी ठेवलेत. वच्छला बरी झाली की आणायचे.

बायनाबाईने विचारलं, "थंडी नाई वाजत त्याइले?"

"नाई वाजत, माय. त्याइले अजून समजत नाई."

"कोनी बसते का जवळ?"

"मशीन हाये. बाई हाये डॉक्टरीन. पाह्यते ते."

तिचं समाधान झालं नाही. दुसऱ्या दिवशी ती स्टेशनजवळच्या बर्फवाल्याकडे गेली. त्याच्याकडे धानाच्या तुसात झाकलेली बर्फाची लादी असायची. तिने त्याला तूस बाजूला करायला लावलं आणि लादीवर तळहात ठेवला. हात बधिर होईपर्यंत ठेवला. बर्फवाला विचारत होता, बाई, काय पाह्यजे. तिला काही नको होतं. घरी येऊन तिने खुशालला सांगितलं, "वितळत नाई, तुसात ठेवलं त. ठेवत असतील ते बराबर." त्या हिवाळ्यात शेगडी पेटवली, की ती हात शेकता शेकता मुंबईच्या दिशेला बघायची. म्हणजे तिला जी मुंबईची दिशा वाटायची, तिकडे. तिकडून खरं तर मूल गावाकडची गाडी यायची. खुशालने तिला कधी दुरुस्त केलं नाही.

वच्छलाचा ताप दोनदा उलटला. अंगात रक्त भरायला वर्ष गेलं. शाळा चुकवता येत नव्हती, ती तशीच जायची. पण तिच्या डोळ्यांत काहीतरी जागं झालं होतं, आणि हिवाळा पुन्हा आला तसा खुशालच्या छातीत एक दगड बसला.

त्या दगडाचं नाव अंजना होतं. खुशालची थोरली बहीण. खुशाल लहान असताना बायनाबाई धानाच्या रोवणीला जायची, तेव्हा अंजनाच त्याला कडेवर घेऊन गावभर फिरायची. त्याला शाळेत घातलं ते तिनेच. बाप म्हणत होता पोराला गुरं राखू द्या. अंजना पाटी घेऊन त्याला मास्तरांच्या पुढ्यात बसवून आली आणि बापाला म्हणाली, आता काढून आना पाहू त्याले. तिचं लग्न नदीपलीकडच्या गावात झालं. पहिल्याच बाळंतपणाला माहेरी आली होती, पोटात जुळं होतं. कळा सुरू झाल्या आणि सुईणीला उलगडेना. बंडीत घालून नागभीडच्या दवाखान्याकडे निघाले तर नदीला पाणी चढलेलं. बैल पाण्यात पाऊल टाकेनात. खुशाल तेव्हा सातवीत होता. तो बंडीत तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. पाणी उतरायच्या आधीच अंजना गेली, तिची दोन्ही लेकरंही गेली.

वच्छलाला हे माहीत होतं, पण ते बंडीतलं खुशालने तिला पहिल्यांदा त्या हिवाळ्यातल्या एका रविवारी सांगितलं. दोघं अंगणात तांदूळ निवडत बसले होते.

"म्हनून म्हनतो, एकच ठेवू," तो म्हणाला. "एक ठेवू. नाई राह्यला त दुसरा हाये."

वच्छलाने सुपातला खडा काढून बाजूला टाकला. "आन दुसऱ्याच्या येळेस पुन्हा मुंबई, पुन्हा वाट पाह्यनं. माह्यात तेवढा दम नाई उरला. ठेवाचे त दोन्ही ठेवाचे."

"जुळं झालं त?"

"त होईल. लोकाइले होते."

"तुले काई झालं म्हंजे?"

ती सुपातले खडे निवडत राहिली. तो पुढे म्हणाला, "वच्छला, मले पोरगं नाई भेटलं तरी चालते. खरं सांगतो. तू पाह्यजे."

"मले दोन्ही पाह्यजे," ती म्हणाली, आणि दोन्ही म्हणजे काय ते त्याला नीट कळलं नाही. मग तिनेच सांगितलं. "तुमीबी पाह्यजे आन तेबी. एकाले तिथी ठेवून आले त माह्यं अर्धं ध्यान तिथीच राहील. वर्गात शिकवता शिकवता मी विसरतो कोनता धडा चालू हाये. वर्षभर हेच होऊन राह्यलं."

दोघांत भांडण असं झालं नाही. त्यांच्या घरात भांडण होतच नसे. पण काही आठवडे बोलणं कमी झालं. खुशाल डब्यात भाजी भरायचा, ती डबा घेऊन जायची, संध्याकाळी डबा घासून पालथा घालायची. गाडीवर खुशाल अशा मनाने उभा असायचा, की एकदा झेंडी दाखवायलाच विसरला आणि ड्रायव्हर खाली उतरून त्याला विचारायला आला, तब्येत बरी आहे ना खुशालभाऊ.

शेवटी बायनाबाईच बोलली. वच्छला शाळेत गेली होती. खुशाल ड्यूटीवर जायला बूट घालत होता.

"अंजनीचं मनात धरून बसला का रे?"

खुशालने मान वर केली नाही.

"ते दोघं होते म्हनून नाई मेली," बायनाबाई म्हणाली. तिचा आवाज सपाट होता, जसा धान मोजताना असतो. "मले सगळं याद हाये. तिचे पाय सुजले होते महिनाभरापासून. डोस्कं दुखते म्हने. मी म्हटलं, होते असं. आमाले डॉक्टर कोनाले माहीत होता? पहिल्यापासून दवाखान्याजवळ ठेवली असती त वाचली असती. एक असता तरी त्या नदीनं तिले पल्याड जाऊ दिलं नसतं."

"माय..."

"मी तुले दोन सांगत नाई आन एक सांगत नाई. ते मले समजत नाई. पन अंजनीचं नाव काहाडून वच्छलाले अडवू नको. अंजना असती त तिनं तुह्या पाठीत धपाटा घातला असता."

खुशाल बुटाची लेस बांधत राहिला. बांधलेली सोडून पुन्हा बांधली. अंजनाचा धपाटा त्याला पाठीवर जाणवला, इतका नेमका की त्याचे डोळे भरले आणि त्याच वेळी हसूही आलं.

संध्याकाळी तो स्टेशनवरून थेट शाळेकडे गेला. पोरं घरी गेली होती, वच्छला फळा पुसत होती. तो पोरांच्या बाकावर गुडघे वर करून बसला.

"दिवस राह्यले, त तू सातव्या महिन्यापासून नागपुरात राहाचं," तो म्हणाला. "दवाखान्याच्या बाजूले खोली पाहू. माय येईल तुह्यासंगं. मी त एक दिवसाआड तिथीच येतो गाडी घेऊन."

"राहीन," वच्छला म्हणाली.

"पाय सुजले त त्याच दिवशी दवाखान्यात. डोस्कं दुखलं तरी."

"जाईन."

"मंग दोन्ही."

वच्छलाने डस्टर टेबलावर ठेवलं. खडूच्या पांढऱ्या हातांनीच तिने त्याच्या टोपीवर थाप मारली, आणि ती गणवेशाची टोपी दोन दिवस तशीच पांढरी राहिली, कारण खुशालने ती झटकली नाही.

एकोणनव्वदच्या फेब्रुवारीत ते पुन्हा मुंबईला गेले. या वेळी खरंच सुया नव्हत्या. नुसती वाट बघायची होती, तिच्या शरीराचा योग्य दिवस येईपर्यंत. तो दिवस आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी दोघांना आत बोलावलं.

"काय ठरलं?"

"दोन्ही," खुशालने सांगितलं. त्याने आधीच सांगायचं ठरवलं होतं, म्हणजे वच्छलाला सांगावं लागू नये.

बाई आत गेल्या. दोघं बाकावर बसून राहिले. वच्छलाने दवाखान्याचा हिरवा झगा घातला होता, तो तिला इतका मोठा होता की तिचे हात बाह्यांत गडप झाले होते. खुशाल तिच्या बाह्या दुमडत बसला. दुमडून झाल्यावरही दुमडत राहिला.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांनी तोंडावरचं फडकं खाली ओढलं होतं.

"एक टिकला नाही," त्या म्हणाल्या. "वितळताना फुटला. आम्ही सगळं जपून केलं, पण होतं असं. दुसरा चांगला आहे. त्याच्या चार पेशींपैकी तीन जिवंत आहेत, तेवढ्यावर तो वाढू शकतो. आशा कमी झाली, ते खरं आहे. ठेवायचा ना?"

वच्छलाने होय म्हणून मान हलवली. बाईंनी खुशालकडे बघितलं. त्यांना दोघांचं उत्तर हवं होतं.  त्यानेही मान हलवली.

आतलं काम थोडक्यात उरकलं. एक बारीक नळी, एक थेंब. वच्छलाला तशीच आडवी ठेवली आणि हलू नका म्हणून सांगितलं. खुशालला आत यायला सांगायला नर्स बाहेर आली, तर तो बाकावर नव्हता. व्हरांड्याच्या टोकाला, पाण्याच्या नळापाशी, भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्याचे खांदे हलत होते. कित्येक आठवडे तो एकच, एकच म्हणत होता. एकच उरला. जो गेला, त्याचा त्याने कधी विचारच केला नव्हता. नुसता धोका म्हणून त्याच्याकडे बघितलं होतं. आता तो नव्हता, आणि खुशालला तो कुठल्यातरी गाडीमागे बांधावरून धावत येणारा, हात हलवणारा वाटत होता.

तोंड धुऊन तो आत गेला. वच्छलाने त्याच्या डोळ्यांकडे बघितलं आणि तिला कळलं.

"मी एकच म्हनत होतो," खुशाल म्हणाला.

"तुमी दोन्ही म्हटलं. मी आयकलं."

"आत्ता म्हटलं. आधी किती दिवस..."

"तुमी म्हटल्यानं काई होत असतं," वच्छला म्हणाली, "त मुखरू मामा म्हटल्यानं माही सवत आली असती घरात."

खुशालला हसायचं नव्हतं, तरी हसू आलं. मग दोघंही रडले. ती हलायचं नाही म्हणून सरळ, छताकडे बघत रडत होती, पाणी कानात जात होतं. तो रुमालाने तिचे कान पुसत होता. जो गेला त्याच्यासाठी कोणी काही करत नाही, दहावा नाही, वंदना नाही, नावही नाही. वच्छला हळू आवाजात त्रिशरण म्हणू लागली, खुशालने तिच्या आवाजात आवाज मिसळला. नर्स दारात आली आणि परत गेली.

परतीच्या प्रवासात खुशालने गाडीवाल्यांना जो ताप दिला, तसा त्याने आयुष्यात कधी कोणाला दिला नव्हता. मुंबईहून नागपूरपर्यंत वच्छलाला खालच्या बर्थवर निजवून तो तिच्या पायाशी बसून होता. नागपूरहून स्वतःच्या छोट्या लाईनवर आला तर प्रत्येक धक्क्याला डोकं बाहेर काढून इंजिनाकडे बघायचा. उमरेडला तो उतरून पुढे गेला आणि ड्रायव्हरला म्हणाला, "भाऊ, जरा हरू घे ना. कायले एवढी घाई?" ड्रायव्हरने कपाळावर हात मारला. ही गाडी यापेक्षा हळू चालली तर लोक उतरून पायी जातील, असं तो म्हणाला.

दोन आठवड्यांनी नागपुरात तपासणी झाली. वच्छलाला दिवस राहिले होते. बायनाबाईला सांगितलं तेव्हा ती चूल फुंकत होती. तिने फुंकणी खाली ठेवली, वच्छलाच्या पोटावर हात ठेवला, मग म्हणाली, "आला का मंग घरी," आणि पुन्हा चूल फुंकू लागली. धुराचं निमित्त करून तिने बराच वेळ डोळे पुसले.

ठरल्याप्रमाणे पावसाळ्यात वच्छला आणि बायनाबाई नागपूरला गेल्या. दवाखान्याच्या गल्लीत एक खोली घेतली होती. बायनाबाईने इतकं मोठं शहर आधी बघितलं नव्हतं. आठवड्याभरात तिने गल्लीतल्या सगळ्या बायकांशी ओळख करून घेतली आणि भाजीवाल्याला झाडीपट्टीचं वांगं कसं असतं ते सुनावलं. खुशाल एक दिवसाआड गाडी घेऊन यायचा, स्टेशनवरून चालत खोलीवर यायचा आणि सगळ्यात आधी वच्छलाचे पाय बघायचा. अंगठ्याने दाबून बघायचा, खड्डा पडतो का. ती चिडायची. "काय रोज रोज पाय पाह्यता? मी बैल हाओ का?" तो दाबायचा थांबत नसे.

पाय सुजले नाहीत. नोव्हेंबरच्या सुरुवातीला, खुशाल गाडीवर असतानाच, वच्छलाला मुलगी झाली. नागपूर स्टेशनवर उतरल्यावर त्याला निरोप मिळाला. दवाखान्यात पोहोचला तेव्हा बायनाबाईने पोर त्याच्या हातात दिली. काळीसावळी, नाक चपटं, आणि कपाळावर अशी आठी, की जणू तिला उगाच उठवलं होतं. खुशाल तिच्याकडे बघत असताना क्षणभर त्याला आणखी एक तोंड आठवलं, जे त्याने कधी बघितलंच नव्हतं. मग पोरीने जांभई दिली, सगळं तोंड उघडून, आणि त्याचं ध्यान तिच्यात गुंतलं ते गुंतलंच.

घरी बुद्धवंदना करून तिचं नाव उत्पला ठेवलं. नाव सौम्य, पण पोर जबर रडकी निघाली. ठरलेल्या वेळी नाही, कधीही रडायची, आणि बापाच्या खांद्यावर आली की गप्प व्हायची. खुशालची झोप उडाली. ड्यूटीवर तो उभ्या उभ्या पेंगायचा. वच्छलाची रजा संपली आणि ती शाळेत जाऊ लागली, तेव्हा आता घर कसं चालणार म्हणून शेजारणी काळजी करायच्या. पण बायनाबाई होती, आणि रिकाम्या दिवशी खुशाल होता.

अशाच एका दुपारी वच्छला शाळेतून लवकर आली. बायनाबाई शेजारी गप्पा मारायला गेली होती. चुलीवर भात करपला होता, त्याचा वास अंगणापर्यंत येत होता. आत चटईवर खुशाल उताणा झोपला होता, त्याच्या छातीवर उत्पला पालथी झोपली होती, आणि दोघांचीही तोंडं सारखीच उघडी होती. वच्छलाने भात उतरवला, विस्तवावर पाणी शिंपडलं. मग पिशवी तशीच खांद्याला असताना भिंतीला टेकून ती खाली बसली, आणि करपलेल्या भाताबद्दल कोणालाही न उठवता, त्यांच्या श्वासाबरोबर पोरीची पाठ वरखाली होताना बघत राहिली.